निःशस्त्र योद्ध्याचा जमाखर्च

शस्त्र धारण करणारा संन्यासी ही कल्पना मराठी वाचकास अगदीच अपरिचित आहे असे नाही. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या समोर जी फौज उभी ठाकली, तिच्यात शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेले अनूपगिर गोसावी आणि त्यांचे शस्त्रधारी अनुयायी होते. आणि हेच अनूपगिर पुढे हिंमतबहादूर या किताबाने महादजी शिंद्यांच्या पक्षातही वावरले, हे इतिहासाच्या दप्तरात नमूद आहे. तथापि ज्या लढवय्या संन्याशाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याचे कुळ निराळे आहे. तो कागदाच्या एका तक्त्यावर जन्मतो, फाशांच्या दानावर जगतो वा मरतो, आणि चार-पाच मित्र ज्याच्याभोवती बसले आहेत असे एखादे मेज हाच त्याचा सारा मुलूख. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील ‘मंक’ तो हा.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन जनक. एक जण ‘डंजन मास्टर’ म्हणून कथेची सूत्रे हाती घेतो, भुयारे, राक्षस आणि राजदरबार यांचे वर्णन करतो, आणि बाकीचे खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन ‘मी दार फोडतो’, ‘मी लपून बसतो’ असे आपापले मनोगत सांगतात. ते साधले की फसले, याचा निवाडा बहुधा वीस बाजूंच्या फाशाकडे असतो. पात्र कोणत्या पेशाचे हे आरंभीच ठरवावे लागते. चिलखती फायटर, मंत्र जाणणारा विझर्ड, देवाच्या कृपेवर जखमा बऱ्या करणारा क्लेरिक, अंधारात वावरणारा रोग, असे हे पेशे. आणि त्यांच्या रांगेत अनवाणी, चिलखताविना आणि बहुतेकदा हत्याराविना उभा असलेला मंक.

मंकाने या खेळात प्रवेश केला तो १९७५ साली, आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणी-ग्रंथातून. ते दिवस लक्षात घेतले म्हणजे त्याच्या जन्माचे कारण निराळे शोधावे लागत नाही. अमेरिकेत १९७२ पासून ‘कुंग फू’ ही दूरचित्रवाणी मालिका गाजत होती, १९७३ साली ब्रूस ली यांचा ‘एंटर द ड्रॅगन’ पडद्यावर झळकला होता, आणि मोकळ्या हातांनी सशस्त्र शत्रूला लोळविणाऱ्या पौर्वात्य साधूचे गारूड त्या पिढीच्या मनावर पुरते बसले होते. परंतु गारूड निराळे आणि नियमांची कलमे निराळी. १९७८ च्या नियमग्रंथात मंक होण्यासाठी बल, चापल्य आणि प्रज्ञा या तिन्ही गुणांत किमान १५ असा कौल फाशांकडून मिळवावा लागे, जो क्वचितच मिळे. आणि इतके करूनही वरच्या पायऱ्यांवर बढती हवी असेल तर त्या पदावर आधीच विराजमान असलेल्या मंकाला द्वंद्वात हरवावे लागे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने मूळ ग्रंथातून त्याची गच्छंतीच केली. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत तो परतला खरा, पण त्याच्या नशिबी एक विलक्षण विसंगती लिहिली गेली: त्याला साऱ्या पात्रांहून वेगाने धावण्याची शक्ती दिली होती, आणि त्याच वेळी एका झपाट्यात अनेक ठोसे मारण्याचे जे त्याचे मुख्य कौशल्य, ते वापरावयाचे तर जवळजवळ जागच्या जागी उभे राहावे, असा दंडक घातला होता. धावावे तर ठोसे जातात, ठोसे मारावे तर धावणे वाया जाते. मंक दुबळा असतो, ही जी समजूत खेळाडूंत वर्षानुवर्षे रूढ झाली, तिचे मूळ बऱ्याच अंशी या एका कलमात आहे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ती गाठ सोडविली. आता पात्राला काही अंतर चालून जाऊन प्रहार करता येतो आणि उरलेले अंतर चालून परतही येता येते. वरकरणी हा फरक किरकोळ वाटेल, पण मंकाचे सारे सामर्थ्य यातूनच उगवते, आणि जो खेळाडू हे ओळखत नाही त्याचा मंक हमखास फसतो. नवखा खेळाडू मंकाला फायटरप्रमाणे दैत्यासमोर ठाण मांडून उभा करतो, दोन फेऱ्यांत त्याला निपचित पडलेला पाहतो, आणि मग दोष नियमांना देतो. मंक हा किल्ला लढविणारा शिपाई नव्हे. त्याची युद्धनीती गनिमी काव्याची. अचानक यावे, जेथे शत्रूचे वर्म आहे तेथे घाव घालावा, आणि प्रतिघाताच्या आत निघून जावे, हे ज्याला साधले त्याला मंक साधला.

आता बांधणीकडे वळू. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: बल, चापल्य, प्रकृती, बुद्धी, प्रज्ञा आणि प्रभाव. या सहांत वाटण्यासाठी नियमग्रंथ १५, १४, १३, १२, १० आणि ८ असे सहा तयार आकडे देतो. मंकाच्या बाबतीत चापल्य आणि प्रज्ञा हे दोनच गुण मुख्य मानावेत. त्याचा प्रहार लागतो तो चापल्याने, आणि चिलखत न घालता त्याचा जो बचाव होतो, ज्याला खेळात आर्मर क्लास म्हणतात, तो १० अधिक चापल्याचा लाभ अधिक प्रज्ञेचा लाभ असा मोजला जातो. लाभ मोजण्याची रीत अशी की १० किंवा ११ ला शून्य, आणि त्यापुढे दर दोन अंकांना एक; म्हणजे १६ ला तीन आणि १७ लाही तीनच. विषम आकड्यातला शेवटचा अंक तूर्त निरुपयोगी शिल्लक म्हणून पडून राहतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

उदाहरणार्थ, वनवासी एल्फ या जमातीला २०१४ च्या नियमांप्रमाणे चापल्यात दोन आणि प्रज्ञेत एक अशी वाढ मिळते. साहजिकच खेळाडू १५ हा सर्वांत मोठा आकडा चापल्यात घालतो. त्याचे १७ होतात, प्रज्ञेतल्या १४ चे १५ होतात, लाभ अनुक्रमे तीन आणि दोन, आणि बचाव १५ वर थांबतो. तेच आकडे उलटवून १४ चापल्यात आणि १५ प्रज्ञेत घातले, तर दोन्ही ठिकाणी १६ येतात, दोन्ही लाभ तीन होतात, आणि बचाव १६ भरतो, म्हणजे साखळ्यांचे भारी चिलखत घातलेल्या फायटरच्या बरोबरीचा. एकही दमडी जादा न खर्चता मिळालेला हा एक अंक आहे. पात्र अनुभवाने एकेक पातळी चढत जाते; चौथ्या पातळीवर जेव्हा आणखी दोन अंक वाटून घ्यावयाचे येतात, तेव्हा दोन्ही मार्ग १८ आणि १६ या एकाच मुक्कामाला पोचतात हे खरे. पण मंक सर्वांत नाजूक असतो तो पहिल्या तीन पातळ्यांतच, आणि त्याच काळात हा अंक उपयोगी पडतो. ज्याला चौथ्या पातळीवर चापल्यात एका अंकाची वाढ देणारी एखादी विशेष कला घ्यावयाची असेल, त्याने मात्र १७ चा मार्ग खुशाल धरावा. त्याचा पडून राहिलेला अंक तेथे वसूल होतो.

तिसरा आकडा, १३, प्रकृतीला. ती टाळून चालणार नाही, कारण पाचव्या पातळीचा असा मंक सरासरीने ३३ हिट पॉइंट, म्हणजे जखमा सोसण्याचे अंक, बाळगून असतो आणि ओगर नावाच्या अडदांड राक्षसाच्या सोट्याचा एकेक घाव सरासरीने १३ चा असतो. तीन घावांत कारभार आटोपला. उरलेल्या तीन गुणांत मात्र उदारपणा नको. थोडे बल, थोडी बुद्धी, थोडा प्रभाव असे सर्वांना खूश करण्याच्या नादात पुष्कळांचा मंक एक ना धड भाराभर चिंध्या होऊन बसतो. साधू बोलण्यात तुसडा असला तर कथेचे काही बिघडत नाही. ढाल आणि चिलखत यांचा मोहही सोडावा, कारण ती अंगावर चढताच मंकाच्या कित्येक सिद्धी निकामी होतात. सोटा मात्र जवळ असू द्यावा: दोन हातांनी पेलला तर तो आठ बाजूंच्या फाशाइतका घाव करतो, आणि २०१४ च्या नियमांत पहिल्या पातळीच्या मुठीला अवघा चार बाजूंचा फासा आहे. निःशस्त्र योद्ध्याने आरंभीची काही वर्षे काठी टेकीत काढावी, यात कमीपणा नाही.

२०१४ च्या नियमांत दुसऱ्या पातळीवर मंकाला ‘की’ नावाची एक आंतरिक शक्ती लाभते, आणि खरा जमाखर्च येथून सुरू होतो. जितकी पातळी तितके कीचे अंक. म्हणजे दुसऱ्या पातळीवर दोन आणि पाचव्यावर पाच. एक अंक खर्चून एकाऐवजी दोन जादा ठोसे मारता येतात, किंवा अंग चोरून बचाव करता येतो, किंवा शत्रूच्या कक्षेतून सहीसलामत निसटता येते. यांतला बचावाचा पर्याय खेळाडू सहसा घेत नाहीत, कारण त्यात पराक्रम दिसत नाही. पण त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. जो शत्रू एरवी दोनांत एकदा घाव लावतो, त्याला आता दोन फासे टाकून त्यांतला वाईट धरावा लागतो, आणि तो चारांत एकदाच लावतो. घेरल्या गेलेल्या मंकाचा प्राण अशा वेळी दोन ठोशांनी वाचत नाही, या एका अंकाने वाचतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण कीला तंतोतंत लागू आहे, परंतु एक दुरुस्ती करून. खर्चलेली सारी की तासाभराच्या छोट्या विश्रांतीने परत भरते, फक्त त्यातला अर्धा तास ध्यानात घालवावा लागतो. म्हणून ती कृपणासारखी साठवून ठेवणे हेही चूकच. दोन विश्रांतींच्या मधल्या चकमकी किती असतील याचा अदमास घेऊन, थोडे हातचे राखून, बाकीचे मोकळ्या हाताने खर्चावे. अडचण इतकीच की विश्रांती केव्हा मिळणार हे मंकाच्या हाती नसते. काही डंजन मास्टर दिवसाकाठी एकच मोठी लढाई मांडतात. त्यांच्या मेजावर विझर्ड आपले सारे मंत्र एका दमात उधळतो आणि मंक त्याच्यापुढे फिका पडतो. तेव्हा पात्राचा कागद भरण्यापूर्वीच, आपल्याकडे छोट्या विश्रांतीचा शिरस्ता कसा आहे, हे डंजन मास्टरला सरळ विचारून घ्यावे. फायटर आणि वॉरलॉक या पेशांनाही तिचा लाभ होत असल्यामुळे मसलतीत आपल्या बाजूने दोन मते आयतीच मिळण्याचा संभव असतो.

पाचव्या पातळीवर ‘स्टनिंग स्ट्राइक’ हाती येते. लागलेल्या प्रहाराबरोबर एक की खर्चावी, शत्रूने प्रकृतीच्या बळावर फासा टाकावा, आणि तो हरला तर काही क्षण सुन्न होऊन पडावे, अशी ही सिद्धी. प्रज्ञा १६ असलेल्या पाचव्या पातळीच्या मंकाविरुद्ध शत्रूला १४ गाठावे लागतात. आता पाहा: ओगरची प्रकृती दणकट, त्याला तीनचा लाभ, तो दोनांत एकदा तगतो. नियमग्रंथातला मेज नावाचा जादूगार प्रकृतीने सामान्य, लाभ शून्य. तो तीन वेळांपैकी जवळजवळ दोन वेळा सुन्न होतो. आणि प्रौढ तांबड्या ड्रॅगनला या फाशात १३ चा लाभ आहे, म्हणजे त्याच्या फाशावर एक पडला तरी तो निभावतो; त्याच्यावर या सिद्धीसाठी खर्चलेली प्रत्येक की ही निव्वळ बुडीत रक्कम. तरीही कित्येक मंक ड्रॅगनवरच आपली तिजोरी रिकामी करतात, कारण ड्रॅगन हा दृश्याचा नायक असतो आणि कोपऱ्यात पुटपुटणारा जादूगार नसतो.

वास्तविक तो पुटपुटणारा जादूगार हेच मंकाचे नेमके भक्ष्य आहे. पुष्कळसे मोठे मंत्र जादूगाराच्या एकाग्रतेवर टिकून असतात, आणि त्याला लागलेल्या प्रत्येक आघातागणिक ती एकाग्रता राहिली की भंगली याचा स्वतंत्र फासा पडतो. फायटरचा एक प्रचंड घाव एकच फासा पाडतो. मंकाचे चार लहान ठोसे चार फासे पाडतात. आघात २२ हून कमी असेल तर दर वेळी १० गाठावे लागतात. सामान्य प्रकृतीच्या जादूगाराला ते शंभरांत पंचावन्न वेळा जमते, पण ओळीने चार वेळा जमण्याची शक्यता दहात एकाहूनही कमी. मंकाचे ठोसे हलके आहेत हा त्याच्यावरचा जुना आक्षेप येथे गुण होऊन बसतो. आणि हा जादूगार नेहमी राक्षसांच्या फळीमागे सुरक्षित उभा असल्यामुळे त्याच्यापर्यंत पोचण्यास जो वेग लागतो, तोही मंकापाशीच आहे: माणसाची चाल एका फेरीत तीस फूट, दुसऱ्या पातळीपासून मंकाची चाळीस, आणि नवव्या पातळीपासून तो भिंतीवरून आणि पाण्यावरूनही धावतो.

जाणे सोपे आहे, परतणे महाग. शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडताना तो एक फुकटचा घाव मारू शकतो, आणि तो टाळण्यासाठी जर दर वेळी की मोजावी लागली, तर मग ठोशांसाठी काय उरले? तिसऱ्या पातळीवर मंकाला आपला संप्रदाय निवडावा लागतो, आणि माझ्या मते संप्रदायाची पारख याच एका प्रश्नावर करावी. ‘ओपन हँड’ संप्रदायाचा मंक जादा ठोसे मारतानाच शत्रूला आडवा पाडतो, पंधरा फूट मागे रेटतो, किंवा त्याला इतका भांबावून सोडतो की त्याला तो फुकटचा घाव मारताच येत नाही. म्हणजे मारण्याची आणि निसटण्याची किंमत एकाच अंकात चुकती होते. नियमांत याहून काटकसरीची तजवीज मला दिसत नाही. ‘शॅडो’ संप्रदाय अंधार आणि शांतता पसरवितो, आणि ज्याला हेरगिरीची हौस आहे त्याच्यासाठी तो उत्तम. ‘मर्सी’ हा २०२० सालच्या ग्रंथातून आलेला संप्रदाय जखमा भरतो. ज्या कंपूत क्लेरिक नाही तेथे तो उपकारक ठरतो. २०१४ मधील ‘फोर एलिमेंट्स’ मात्र दिसण्यात जितका मोहक तितका खर्चिक: पाण्याचा चाबूक उगारण्यासच दोन की लागतात, आणि तिसऱ्या पातळीच्या मंकाकडे मुळात असतात तीन. पडद्यावर पाहिलेल्या चमत्कारांच्या ओढीने याची निवड करणाऱ्या खेळाडूची मला नेहमी कीव येते.

शत्रूला आडवे पाडण्याविषयी एक सूचना. पडलेल्या शत्रूवर जवळून वार करणाऱ्यांना फायदा होतो, पण लांबून बाण सोडणाऱ्यांचे नुकसान होते. कंपूत दोन तिरंदाज असतील आणि मंक प्रत्येक राक्षस भुईसपाट करीत सुटला, तर त्याचे सोबती त्याला धन्यवाद देणार नाहीत.

२०२४ च्या सुधारित नियमांनी मंकाचे पुष्कळसे दारिद्र्य दूर केले. मुठीचा फासा पहिल्या पातळीवरच सहा बाजूंचा झाला. शत्रूच्या कक्षेतून निसटणे किंवा वेगाने धावणे आता एकही अंक न खर्चता जमते. आणि तिसऱ्या पातळीवर पूर्वी केवळ बाण वगैरे झेलता येत असत, तेथे आता जवळून आलेला तलवारीचा वा सोट्याचा घावही हाताने परतविता येतो. चापल्य १६ असेल तर त्या पातळीवर हा बचाव सरासरीने साडेअकरा अंकांची जखम गिळून टाकतो. मोबदल्यात स्टनिंग स्ट्राइक एका पाळीत एकदाच वापरता येते, आणि त्यात शत्रू तगला तरी त्याचा वेग निम्मा होतो व त्याच्यावरचा पुढचा वार सुकर होतो. मला हा सौदा रास्त वाटतो. जुन्या नियमांत एकाच राक्षसावर चार चार अंक ओतून, एकदाचा तो सुन्न होईपर्यंत फासे टाकीत बसण्याची जी खोड खेळाडूंना जडली होती, ती तरी मोडली.

आकड्यांचा हा सारा प्रपंच नीट मांडूनही मंक मेजावर कंटाळवाणा निघू शकतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. मितभाषी, निरिच्छ, पर्वतावरच्या मठात वाढलेला, अधूनमधून गूढ वाक्ये उच्चारणारा साधू इतक्या जणांनी इतक्या वेळा साकारला आहे की तो दारातून आत येताच सोबत्यांना जांभई येते; शिवाय ज्याला काहीच नको आहे असे पात्र कथेत काही करीतही नाही. त्याला काहीतरी हवे असू द्यावे. मठाच्या कोठारातला हिशेब चुकविला म्हणून हाकलला गेलेला कारकून-मंक, गुरूने मरताना सोपविलेले कर्ज फेडण्यासाठी दारोदार फिरणारा मंक, किंवा मारामारी मनापासून आवडते पण व्रतामुळे ती आवड कबूल करता येत नाही असा मंक: अशा पात्राला डंजन मास्टर सहज गुंतवू शकतो. नियम कोणत्याही धर्माची वा चिनी वेषाची सक्ती करीत नाहीत. बंदरावरच्या गुत्त्यात मारामारी शिकलेला खलाशीही मंक होऊ शकतो, आणि २०२४ च्या ग्रंथात खलाशाची पार्श्वभूमी चापल्य व प्रज्ञा या दोन्ही गुणांना हात देते.

ज्याने हा खेळ कधीच खेळलेला नाही त्याने पहिले पात्र म्हणून फायटर घ्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चुकांची किंमत तेथे कमी पडते. ज्याला तरीही मंकच हवा असेल त्याने ओपन हँड घ्यावा, आणि पहिल्या दोन पातळ्या सोटा हातात धरून फायटरच्या पाठीमागे काढाव्यात. यासाठी महागडे ग्रंथ विकत घेण्याचीही गरज नाही. २०१४ च्या नियमांचा मूलभूत दस्तऐवज खुल्या परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्यात मंक व त्याचा ओपन हँड संप्रदाय हे दोन्ही समाविष्ट आहेत.